पी-फोरचे वर्तन-प्रतिमान : त्याचे प्रामाण्य आणि मर्यादा

१. प्रास्ताविक

कोणत्याही शास्त्रात प्रतिमान उभारण्याचे हेतू दोन असतात. मूळ वस्तू हाताशी नसताना तिचे वर्तन तपासता यावे, हा पहिला. आणि मूळ वस्तूच्या गुंतागुंतीतून तिचे तत्त्व वेगळे काढून दाखवता यावे, हा दुसरा. हे दोन हेतू नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. तत्त्व स्पष्ट दिसावे म्हणून जे तपशील गाळावे लागतात, त्यांतलेच काही प्रत्यक्षात वर्तन ठरवणारे असतात. यास्तव एखाद्या प्रतिमानाची साक्ष काढताना, ते कोणत्या प्रश्नावर बोलण्यास अधिकारी आहे आणि कोणत्या प्रश्नावर त्याने मौन पाळणे योग्य आहे, याचा निर्णय आधी करावा लागतो.

प्रोग्राम करता येण्याजोग्या नेटवर्क-पाइपलाइनच्या अभ्यासात हा निर्णय विशेष महत्त्वाचा ठरला आहे. 'बीएमव्ही-टू' या नावाने ओळखले जाणारे पी-फोर भाषेचे वर्तन-प्रतिमान विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत वापरले जाते, आणि अनेक प्रबंधांतील निष्कर्ष त्याच्याच आधारावर उभे असतात. प्रत्यक्ष चिपची उपलब्धता मात्र मर्यादित आहे. बेअरफूट नेटवर्क्स या कंपनीने २०१६ साली जाहीर केलेली 'टोफिनो' ही या क्षेत्रातील प्रमुख चिप होती. ती कंपनी २०१९ साली इंटेलने घेतली आणि २०२३ च्या जानेवारीत या चिपमालिकेचा पुढील विकास थांबवण्यात आला. त्यामुळे प्रतिमानावर पडणारा भार वाढला आहे. तो भार प्रतिमानाला पेलतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. पार्श्वभूमी

स्विचला बाहेरून आज्ञा देता यावी ही कल्पना २००८ साली ओपनफ्लोच्या रूपाने पुढे आली. परंतु ओपनफ्लोमध्ये स्विचने कोणकोणती हेडर-क्षेत्रे ओळखावीत हे आधीच ठरलेले होते. पहिल्या आवृत्तीत अशी क्षेत्रे १२ होती, १.४ या आवृत्तीपर्यंत ती ४१ झाली. नवा प्रोटोकॉल आला की यादी वाढवायची, ही रीत फार काळ चालणारी नव्हती. २०१३ साली पॅट बॉसहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका चिपचा आराखडा मांडला, की जिच्यात हेडर ओळखण्याची रीत आणि त्यावरील क्रिया ही दोन्ही वापरणाऱ्याने ठरवावीत. १० गिगाबिट वेगाच्या ६४ पोर्टांची ही चिप ३२ टप्प्यांची होती. प्रत्येक टप्प्याला स्वतःची मर्यादित स्मृती होती, आणि १ गिगाहर्ट्झ घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक नवे पॅकेट आत घेतले जाई. २०१४ साली या कल्पनेला अनुरूप अशी पी-फोर भाषा प्रसिद्ध झाली आणि २०१७ साली तिच्या आज प्रचलित असलेल्या रूपाची, म्हणजे पी-फोर-सोळाची, पहिली विनिर्देशिका निघाली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. भाषा पॅकेटवर *काय* करावयाचे ते सांगते. ते किती टप्प्यांत, किती स्मृतीत आणि किती वेळात करता येईल, हे चिपची रचना सांगते. वर्तन-प्रतिमान या दोहोंपैकी पहिल्याचे प्रतिमान आहे. पुढील विवेचनाचा सारा भर या भेदावर आहे.

३. प्रतिमानाची रचना

वर्तन-प्रतिमानाची पहिली आवृत्ती प्रत्येक पी-फोर प्रोग्रामपासून सी भाषेतील स्वतंत्र कोड निर्माण करीत असे. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी सारा स्विच नव्याने संकलित करावा लागे. दुसऱ्या आवृत्तीत ही पद्धत सोडून देण्यात आली. सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला स्विच एकदाच बांधला जातो. संकलक पी-फोर प्रोग्रामचे रूपांतर जेसन स्वरूपातील एका फाइलीत करतो, आणि स्विच ती फाइल वाचून तिच्यातील पार्सर, कोष्टके व क्रिया यांचा अर्थ लावीत पॅकेट पुढे नेतो. थोडक्यात, पहिली आवृत्ती अनुवादक होती, दुसरी दुभाषी आहे.

या बदलाने दोन गोष्टी साधल्या. संकलक आणि स्विच यांच्यामध्ये एक वाचता येण्याजोगा दस्तऐवज आला. प्रोग्रामचा अर्थ संकलकाने काय लावला, हे विद्यार्थ्याला ती फाइल उघडून पाहता येते. दुसरे असे, की एकाच गाभ्यावर निरनिराळ्या रचनांचे स्विच बांधता आले. त्यांपैकी 'सिंपल स्विच' हा सर्वाधिक वापरला जाणारा होय. पार्सर, चेकसमची तपासणी, प्रवेश-पाइपलाइन, रांगा, निर्गम-पाइपलाइन, चेकसमची पुनर्गणना आणि हेडरांची पुनर्जुळणी, असा त्याचा क्रम आहे. या सोयीची किंमत वेगाने चुकवावी लागली. ती कर्त्यांनी लपवून ठेवलेली नाही. हा स्विच प्रत्यक्ष वापरासाठी नाही, विकास, चाचणी व दोषशोधन यांसाठी आहे, आणि ओपन व्ही-स्विचसारख्या सॉफ्टवेअर-स्विचपेक्षा तो पुष्कळ मंद आहे, असे त्यांनी प्रकल्पाच्या परिचयातच स्पष्ट म्हटले आहे. ही प्रांजळ कबुली प्रबंधांच्या प्रस्तावनेत क्वचितच उतरते, हे खेदाने नमूद करावे लागते.

४. उभारणीतील दोष

प्रतिमान उभारणे हे केवळ यांत्रिक काम आहे, असा समज आढळतो. वस्तुतः निष्कर्षाला बाधा आणणाऱ्या अनेक गोष्टी उभारणीतच दडलेल्या असतात. स्विचच्या पोर्टांना सामान्यतः लिनक्समधील आभासी इथरनेट-जोड्या लावल्या जातात. एका टोकाला स्विच आणि दुसऱ्या टोकाला चाचणीचा प्रोग्राम. २०१० साली पुढे आलेल्या मिनिनेटच्या साहाय्याने अशा जोड्यांचे संपूर्ण जाळे एका यंत्रावर उभारता येते.

परंतु या जोड्या म्हणजे निर्जीव तारा नव्हेत. त्यांच्या मागे लिनक्सचा गाभा स्वतःच्या सवयींसह उभा असतो. टीसीपी व यूडीपी यांच्या चेकसमची गणना नेटवर्क-कार्डावर सोपवण्याची त्याची रीत आहे. आभासी जोडीत असे कार्डच नसल्याने ती गणना अपुरीच राहते, आणि स्विचला अपूर्ण चेकसम असलेले पॅकेट मिळते. ही सवलत बंद केली नाही तर दोष प्रोग्राममध्ये आहे असे वाटून विद्यार्थी दिवसच्या दिवस भलत्याच ठिकाणी शोध घेत राहतो. तसेच, आयपी आवृत्ती ६ चालू ठेवली तर गाभा आपणहून काही संदेश त्या जोडीवर पाठवतो, आणि मोजणीत न पाठवलेली पॅकेटे दिसू लागतात.

आणखी एक फरक सूक्ष्म आहे. खऱ्या इथरनेटवर अंत्य चेकक्रम सोडून ६० बाइटांहून लहान चौकट जात नाही. लहान पॅकेटाला पाठवणारे कार्ड भर घालते. आभासी जोडीवर अशी भर पडत नाही. ५४ बाइटांचे पॅकेट तेथे ५४ बाइटांचेच राहते. ज्या प्रोग्रामात पॅकेटाच्या एकूण लांबीवरून आतील मजकुराची लांबी काढली आहे, तो प्रतिमानावर अचूक ठरेल आणि तारेवर चुकेल.

५. चाचणीची कसोटी : एक उदाहरण

चाचणीचा खरा कस पाहण्यासाठी सर्वांत साधे उदाहरण घेणे इष्ट होईल. आयपी आवृत्ती ४ चे पॅकेट घ्यावे, गंतव्य पत्त्याच्या सर्वांत लांब जुळणाऱ्या उपसर्गावरून निर्गम-पोर्ट ठरवावे, टीटीएल एकाने कमी करावे, चेकसम नव्याने काढावा आणि पॅकेट पुढे धाडावे. पी-फोर शिकणारा प्रत्येक जण आरंभी हाच प्रोग्राम लिहितो. कोष्टकात नोंदी भरल्या, दोन यंत्रांमध्ये पिंग चालले, की चाचणी यशस्वी झाली असे मानले जाते.

प्रत्यक्षात पिंगने फारच थोडे सिद्ध होते. टीटीएल शून्य असलेले पॅकेट पाठवून पाहावे. ८ बिटांच्या क्षेत्रातील शून्यातून एक वजा केला तर २५५ उरतात. म्हणजे ज्या पॅकेटाचे आयुष्य संपले आहे, त्यालाच पुनर्जन्म मिळतो. राउटरांविषयीच्या १९९५ सालच्या आरएफसी १८१२ या दस्तऐवजाप्रमाणे असे पॅकेट टाकून द्यावयास हवे. टीटीएलची योजनाच मुळी फेऱ्यात सापडलेल्या पॅकेटांचा अंत व्हावा म्हणून आहे, हे ध्यानात घेता हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

त्यानंतर हेडरातील एखादा बाइट बिघडवून, चेकसम तसाच ठेवून पॅकेट पाठवावे. 'सिंपल स्विच'मध्ये तपासणी चुकली तरी पॅकेट आपोआप टाकले जात नाही. केवळ एक खूण उमटते, आणि ती पाहण्याची जबाबदारी प्रोग्रामवर असते. ज्या प्रोग्रामात तपासणीचा भाग रिकामा सोडलेला आहे, तेथे याहून वाईट घडते. बिघडलेल्या हेडरावर नवा चेकसम काढला जातो आणि पॅकेट निर्दोष म्हणून पुढे जाते. चुकीला अशी शुद्धतेची मोहोर मिळाली की पुढच्या कोणत्याही राउटरला ती ओळखता येत नाही.

तिसरी कसोटी हेडरातील पर्यायांची. प्रोग्रामने २० बाइटांचेच हेडर गृहीत धरले असेल आणि पॅकेटात त्यापुढे पर्याय असतील, तर ते पर्याय न वाचलेला मजकूर म्हणून पुढे जातात, आणि नवा चेकसम फक्त २० बाइटांवर काढला जातो. घेणारे यंत्र मात्र पर्यायांसह संपूर्ण हेडरावर गणना करते, आणि सामान्यतः पॅकेट नाकारते. येथे १९९४ सालच्या आरएफसी १६२४ मधील रीत अधिक सुरक्षित आहे. तीत चेकसम नव्याने न काढता, बदललेल्या क्षेत्रापुरताच जुन्या चेकसममध्ये फरक केला जातो. त्यामुळे पर्याय असोत वा नसोत, गणना बरोबर राहते. शिवाय आधीची चूक झाकली जात नाही. एका साध्या चाचणीतून रचनेविषयीचा असा निर्णय हाती येतो, हे चाचणीचे खरे फळ होय.

चौथी कसोटी तुटलेल्या पॅकेटाची. इथरनेट-हेडर आयपी असल्याचे सांगते, परंतु पुढे २० बाइट नाहीतच. पार्सर अशा वेळी त्रुटी नोंदवतो. तथापि 'सिंपल स्विच' पॅकेट तेथे थांबवत नाही, ते प्रवेश-पाइपलाइनीत जाते. आयपी हेडर ग्राह्य नसल्याने कोष्टक लागू होत नाही. निर्गम-पोर्टाचे आरंभीचे मूल्य शून्य असल्याने, टाकून देण्याची स्पष्ट आज्ञा नसेल तर ते पॅकेट शून्य क्रमांकाच्या पोर्टाकडे निघते. पोर्टांचे क्रमांक एकपासून दिलेले असतील तर ते कोठेच पोचत नाही, आणि परीक्षकाला वाटते की प्रोग्रामने ते योग्य रीतीने टाकून दिले. योगायोगाने बरोबर आलेले हे उत्तर, शून्य क्रमांकाचे पोर्ट असलेल्या दुसऱ्या उभारणीत उघडे पडते.

या चारही कसोट्यांत प्रतिमान आपले काम चोख बजावते. ते प्रोग्रामचा अर्थ तंतोतंत आचरून दाखवते. उणीव असते ती प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने. अर्थाच्या प्रश्नावर वर्तन-प्रतिमान अधिकारी साक्षीदार आहे, हे येथे निःशंकपणे म्हणता येईल.

६. जेथे प्रतिमान मूक आहे

याच्या उलट, संसाधन, अवस्था आणि काळ या तीन विषयांवर प्रतिमानाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

प्रथम संसाधन. वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या आराखड्यात सर्व टप्पे मिळून सुमारे ३७० मेगाबिट साधी आणि ४० मेगाबिट त्रिमूल्य स्मृती होती, आणि हेडर वाहून नेणाऱ्या पट्ट्याची रुंदी ४ किलोबिट होती. एका कोष्टकाचे फळ दुसऱ्याला हवे असेल तर दुसरे कोष्टक पुढच्या टप्प्यात न्यावे लागते. टप्पे संपले की प्रोग्राम मावत नाही. वर्तन-प्रतिमानात टप्पा ही वस्तूच नाही. शंभर कोष्टके एकामागून एक परस्परावलंबी ठेवली तरी ते तक्रार न करता चालवते. तेव्हा 'प्रोग्राम प्रतिमानावर चालला' या विधानावरून 'तो चिपवर मावेल' असे अनुमान काढणे हा हेत्वाभास आहे.

दुसरा विषय अवस्थेचा, म्हणजे एका पॅकेटाने मागे ठेवलेल्या व दुसऱ्याने वाचावयाच्या माहितीचा. चिपवर रजिस्टर एका टप्प्याशी बांधलेले असते. पॅकेट त्या टप्प्यातून एकदाच जाते, आणि वाचणे, बदलणे व लिहिणे एवढे सारे अत्यल्प वेळात उरकावे लागते, कारण मागोमाग पुढचे पॅकेट येतच असते. प्रतिमानात मात्र एकाच पॅकेटाने एकच रजिस्टर कितीही वेळा, हव्या त्या क्रमाने वाचावे. शिवाय 'सिंपल स्विच'ची प्रवेश-पाइपलाइन एकाच धाग्यावर चालते. म्हणून दोन पॅकेटांनी एकाच रजिस्टरावर एकदम हात घालण्याचा प्रसंग तेथे उद्भवतच नाही. ही मर्यादा किती निर्णायक असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१७ साली प्रसिद्ध झालेली 'हॅशपाइप' ही रीत. सर्वांत जड प्रवाह शोधण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीत कोष्टकातील सर्वांत लहान मोजणी शोधावी लागते. पाइपलाइनीत सारे कोष्टक धुंडाळता येत नाही, म्हणून त्या संशोधकांनी प्रत्येक टप्प्यात एकाच जागेशी तुलना करीत पुढे जाण्याची युक्ती योजली. मर्यादेतून कल्पना जन्मली. केवळ वर्तन-प्रतिमानावर काम करणाऱ्याला ती मर्यादाच भेटली नसती, आणि म्हणून त्या युक्तीची गरजही भासली नसती. प्रतिमानाच्या उदारपणाची ही हानी सहसा मोजली जात नाही.

तिसरा विषय काळाचा. रांगेतील विलंब, गर्दी, पॅकेटांची गळती यांवरील प्रबंधांत आलेख मांडलेले असतात, आणि त्यांतील काळ मायक्रोसेकंदांत दिलेला असतो. परंतु तो काळ यजमान यंत्राच्या घड्याळाचा, आणि त्या यंत्रावर त्या क्षणी आणखी काय चालले होते यावर अवलंबून असलेला असतो. 'सिंपल स्विच'मधील रांगेची मूळ क्षमता ६४ पॅकेटांची असते, आणि तिचा वेग बांधून द्यावयाचा तर तो प्रति सेकंद पॅकेटे या मापाने द्यावा लागतो. म्हणजे ६४ बाइटांचे पॅकेट आणि १५०० बाइटांचे पॅकेट यांना रांगेतून सुटण्यास सारखाच वेळ लागतो. खऱ्या तारेवर हा वेळ बाइटांच्या प्रमाणात वाढतो. लहान-मोठी पॅकेटे मिसळलेल्या वाहतुकीवरील गर्दीचा निष्कर्ष अशा रांगेवरून काढणे म्हणजे बैलगाडीच्या खाचखळग्यांवरून आगगाडीचे वेळापत्रक आखण्यासारखे आहे. एका मापाचे दुसऱ्याशी गुणोत्तर काढले की दोष निघून जातो, असे समर्थन कधी कधी केले जाते. ते मान्य होण्यासारखे नाही. कारण प्रतिमानात खर्च वाढतो तो अर्थ लावण्याच्या श्रमामुळे, चिपवर ते श्रम नसतातच. प्रतिमानावर दुप्पट मंद ठरलेला प्रोग्राम चिपवर मावला, तर तोही पूर्ण वेगानेच चालतो.

७. प्रतिमान न्यायाधीशाच्या भूमिकेत

प्रतिमानाचा अर्थनिर्णयही शंकातीत मानता येणार नाही. पी-फोर संकलकांतील दोष शोधण्यासाठी रचलेल्या 'गाँटलेट' या साधनाने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुक्त संकलक आणि टोफिनोचा संकलक यांत मिळून ९६ नवे दोष दाखवले. काही दोषांत संकलक बंद पडत होता, काहींत तो निमूटपणे चुकीचा अर्थ लावीत होता. शिवाय, भाषेने अनिश्चित ठेवलेल्या गोष्टींना, उदाहरणार्थ मूल्य न दिलेल्या चलाला, प्रतिमानात पुष्कळदा शून्य मिळून जाते. भाषेने न दिलेले अभय प्रतिमान देते, आणि प्रोग्रामकर्ता त्यावर विसंबून राहतो.

तथापि याच काळात प्रतिमानाची प्रतिष्ठा एका अनपेक्षित दिशेने वाढली. २०२२ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या 'स्विचव्ही' या पद्धतीत पी-फोर प्रोग्राम हा स्विचला चालवण्यासाठी लिहिलेला नाही; स्विचने कसे वागावे याचे लेखी विधान म्हणून लिहिलेला आहे. त्या विधानावरून चाचणीची पॅकेटे निर्माण करावयाची, ती प्रतिमानाला व खऱ्या स्विचला अशी दोघांनाही द्यावयाची, आणि उत्तरे ताडून पाहावयाची. या पद्धतीने १५४ दोष सापडल्याचे त्यांनी नोंदवले आहे. येथे प्रतिमान मंद आहे हा दोषच उरत नाही, कारण त्याला फक्त अर्थ विचारलेला आहे. ज्या प्रश्नावर ते अधिकारी आहे, नेमका तोच प्रश्न विचारल्यामुळे त्याची साक्ष सबळ ठरली. चाचणीची पॅकेटे प्रोग्रामवरूनच यंत्राने निर्माण केल्याने, चाचणी लिहिणाऱ्याचा गैरसमज चाचणीत उतरण्याची भीतीही बरीच कमी होते. अर्थात, मूळ विधानच चुकीचे असेल तर त्याला उपाय नाही. तेथे आरएफसीसारख्या स्वतंत्र प्रमाणाकडेच वळावे लागते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून प्रबंधांच्या परीक्षणासाठी काही कसोट्या निघतात. प्रोग्रामच्या अर्थाविषयीचे विधान वर्तन-प्रतिमानावरून करता येईल. मात्र त्यासाठी तुटलेली, बिघडलेली व सीमेवरील पॅकेटे दिली होती, आणि अपेक्षित उत्तरे प्रोग्रामबाहेरील प्रमाणावरून ठरवली होती, हे दाखवले पाहिजे. प्रोग्राम चिपवर मावतो असे विधान करावयाचे तर चिपच्या संकलकाची साक्ष हवी. २०२५ च्या आरंभी इंटेलने टोफिनोच्या संकलकासह त्याचे सॉफ्टवेअर मुक्त केले असल्याने, चिप हाती नसतानाही ही साक्ष आता मिळवता येते. ती टाळण्याचे कारण उरलेले नाही. अवस्थेचा उपयोग करणाऱ्या प्रोग्रामात प्रत्येक रजिस्टराला एक पॅकेट किती वेळा स्पर्श करते, याची गणना लेखी द्यावी. वेग, विलंब व गळती यांविषयीची विधाने प्रतिमानाच्या आधारे करू नयेत. ती करावयाचीच झाली तर ती यजमान यंत्राविषयीची आहेत असे स्पष्ट म्हणावे.

या कसोट्या लावल्या तर आज प्रतिमानाच्या आधारे मांडले जाणारे काही निष्कर्ष गळून पडतील, यात संशय नाही. जे उरतील त्यांचे मूल्य मात्र वाढेल. वर्तन-प्रतिमानाच्या कर्त्यांनी त्याच्याविषयी जेवढा दावा केला, तेवढा ते पूर्णपणे सिद्ध करते. त्याहून मोठा दावा त्याच्या तोंडी घालण्याची जबाबदारी तो घालणाऱ्यांची आहे, आणि ती तपासणे हे मार्गदर्शक व परीक्षक यांचे कर्तव्य ठरते.